पहिल्या पाळीचं घड्याळ

निमोण्याच्या आबांमुळं हे सगळं झालं, एवढं आधीच सांगून टाकते. नंतर सांगू म्हटलं की राहून जातं, आणि माझा स्वभाव असा, की राहून गेलेली गोष्ट मला आठवडाभर खात बसते. आबांनी मला दोनदा हात दिला. एकदा वही मिळवून दिली, आणि एकदा ती वही हातातून जायची वेळ आली तेव्हा ते माझ्या बाजूला उभे राहिले. ते माझे कुणी नव्हते. मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहणारी, तिकडून यवतमाळकडून आलेली बाई.

शाळा माझी आठवीत सुटली. कारणं सगळ्यांची असतात तशीच. पण अक्षर चांगलं होतं, आणि लिहायची सवय सुटली नव्हती. किराणा आणायचा तरी मी चिठ्ठी करायची, आईला फोनवर काय काय सांगायचं त्याचीही चिठ्ठी करायची, कारण फोन लागला की मला काही आठवत नाही. नवऱ्याला एमआयडीसीत काम लागलं म्हणून आम्ही शिरूर तालुक्यात निमोण्याला आलो आणि आबांकडं खोली मिळाली. त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आबा पोरपणी कळपामागं चालत पार कोकणात उतरलेले. आता ऊस, कांदा, दोन म्हशी, चार शेळ्या. घर स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी. घरात आबा, त्यांचा मुलगा, म्हणजे दादा, कंपनीत पाळीनं जाणारे, आणि वहिनी.

पहिले काही दिवस मला वाटायचं, आपण मराठीच बोलतोय का? मी "का"ऐवजी "काऊन" म्हटलं की वहिनी पदर तोंडाला लावायच्या. मग मला "काऊनबाई" नाव पडलं. "काऊनबाई, चहा घेता का?" मी नको म्हणायची, कारण रोज कसा घ्यायचा. तर आबा आतून म्हणायचे, "तिला इचारू नको, वत. इचारलं की ती न्हाईच म्हंती."

एक दिवस दुपारी बारा-साडेबाराला पुण्याहून जीप आली. त्यात एक मॅडम, वयानं माझ्याएवढ्याच, डोक्याला टोपी, पायात बूट, आणि एक ड्रायव्हर. आबांच्या जुन्या विहिरीच्या बाजूला खडक उघडा पडलेला आहे, तिथं त्यांना एक यंत्र ठेवायचं होतं. यंत्र म्हणजे पाच किलोच्या डब्याएवढं. खड्डा करून त्यात, वर सिमेंटचं झाकण, शेजारी बॅटरी आणि सोलरची पाटी. बारीक भूकंप मोजायचे म्हणाल्या.

आबा म्हणाले, "भूकंप व्हनार हाय का इथं?"

"होतच असतात आबा, अगदी लहान लहान. आपल्याला कळत नाहीत."

"आन् जे कळत न्हाई ते मोजून काय करायचं?"

मॅडम हसल्या, पण त्यांनी टाळलं नाही. पडवीत खाली बसल्या, आणि फरशीवर खडूनं काढून दाखवायला लागल्या. जमिनीतून आधी एक हिसका येतो, मागून दुसरा. दोन्हींमधला वेळ मोजला की भूकंप किती लांब झाला ते कळतं, पण कुठल्या दिशेला ते कळत नाही. म्हणून यंत्राभोवती एक गोल काढायचा. दुसऱ्या यंत्राचा दुसरा गोल. हे दोन गोल एकमेकांना दोन जागी कापतात. तिसरं यंत्र असलं की त्या दोनातली खरी जागा सापडते. "आणि तेच नाही आपल्याकडं," त्या म्हणाल्या. "एक इथं, एक दौंडकडं भांडगावला. तिसरं लांब आहे, आणि ते निम्मे दिवस बंद. म्हणून मला माणूस पाहिजे. वही लिहिणारा."

वहीत काय लिहायचं, तर जे जे जमिनीला हलवतं ते. गावापलीकडच्या खडीच्या खाणीचा भोंगा कधी झाला, सुरुंग किती उडाले. ट्रॅक्टर, बोअरची गाडी, उसाची गाडी. आणि भोंगा नसताना काही जाणवलं तर ते. सगळं वेळेसकट.

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "हिचं अक्षर बघा. वाण्याची चिठ्ठी अशी लिवती, की फ्रेम करून लावावी."

मी म्हटलं, मॅडम, मी आठवी नापास. मॅडम म्हणाल्या, "मला पास-नापास नको, रोज लिहिणारं कुणीतरी पाहिजे."

तर असं ते काम लागलं. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, तिला सुतळीनं बांधलेलं पेन. ती एका जागीच राहिली पाहिजे असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून आबांनी पडवीत भिंतीवरच्या घड्याळाखाली खिळा मारून दिला. मी दिवसभर कामं करता करता कान तिकडं ठेवायची. भोंगा झाला की हात पुसत पळायची, घड्याळ बघायची, लिहायची. भोंग्यानंतर सुरुंग, तो लिहायची. शेजारच्या वस्तीवर लग्न होतं तेव्हा "वरात, डीजे, पाऊण तास" असंही लिहिलं. एकदा वहिनींनी विचारलं, "माझी म्हस दाव्याला घासती तेबी लिवती का गं?" मी लिहिलं होतं. त्यांना दाखवलं तर त्यांनी ते आबांना वाचून दाखवायला लावलं, आणि आबा म्हणाले, "चला, आमच्या म्हशीचं नाव पुण्याला गेलं."

आज ते दिवस आठवले की सकाळचं ऊन आधी आठवतं. सोलरची पाटी पुसायला मी फडकं घेऊन विहिरीकडं जायची. बॅटरीचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसला की जीव भांड्यात पडायचा. आबा बांधावर शेळ्या घेऊन बसलेले असायचे. "हाय का जित्तं?" विचारायचे. मी "हाय" म्हणायची. हळूहळू माझ्या तोंडात त्यांचं बोलणं बसत गेलं. घरी फोन केला तर आई म्हणाली, "तू अशी कोनासारखी बोलून राहिली?"

मॅडम दर तीन-चार आठवड्यांनी यायच्या. यंत्रातलं कार्ड काढून न्यायच्या, वहीच्या पानांचे फोटो काढायच्या. असे काही महिने गेले. मग एका खेपेला त्या आल्या त्या नेहमीसारख्या नव्हत्या. चहा नको म्हणाल्या. पडवीत लॅपटॉप उघडला, वही शेजारी ठेवली, आणि बोट ठेवून ओळी ताडायला लागल्या.

"ताई, एक विचारू? राग मानू नका. काही आठवडे तुमची वही यंत्राशी मिनिटामिनिटानं जुळते. आणि काही आठवडे एकही सुरुंग जुळत नाही. एकही नाही. ते आठवडे... मागाहून अंदाजानं भरलेत का?"

मी नाही म्हटलं. पण कसं म्हटलं, तर खाली बघून. मला लहानपणापासून तसंच होतं. चूक केली नसली तरी केल्यासारखं तोंड होतं. शाळेत याच्यापायी दोनदा मार खाल्लाय.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "या वहीवर माझं पुढचं सगळं आहे. तीच खोटी ठरली तर मला सगळेच आठवडे टाकून द्यावे लागतील." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आठ दिवसांनी मी शिरूरला मुक्कामाला आहे. तोवर ठरवते. कदाचित वही दुसऱ्या कुणाकडं देऊ."

त्या गेल्या. मी खोलीत जाऊन भांडी घासली, जी आधीच घासलेली होती. पैशाचं एवढं नव्हतं, नवऱ्याचा पगार येत होता. पण आठवी नापास बाईला कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की तुझं लिहिलेलं आम्ही मोजतो. आणि आता तीच बाई खोटी. नवरा म्हणाला, जाऊ दे, दुसरं काम बघ. त्याला मी सांगूच शकले नाही, की काम गेल्याचं दुःख वेगळं आणि हे वेगळं.

आबांना सांगितलं. ते बराच वेळ शेळीच्या पाठीवरचे गोखरू काढत बसले. मग म्हणाले, "तू लिवताना मी रोज बघतो. तू खोटं लिवलं न्हाई. मंग कायतरी दुसरं खोटं हाय. ते हुडकायचं."

हुडकणार कुठं? मी वही घेऊन बसले, पान पान चाळलं. डोळे दुखले, पण हाती काही लागलं नाही. अक्षर सगळीकडं सारखंच.

रविवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मी पडवीत लसूण सोलत होते. वहिनी आल्या, स्टूल ओढलं, वर चढल्या, आणि भिंतीवरचं घड्याळ काढून मागची किल्ली फिरवायला लागल्या.

"वहिनी, काय करून राहिल्या?"

"उद्यापास्नं ह्यांची पहिली पाळी न्हाई का."

"मग?"

"मंग काय. पंधरा मिन्टं पुढं करायचं. न्हाईतर बस जाती आन् हे चप्पल हुडकत बसत्यात."

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. "दर वेळी करता?"

"दर पहिल्या पाळीला. दुसरी-तिसरी लागली की परत जाग्यावर. ह्यात इचारायचं काय? हितं घराघरात करत्यात."

"दादांना माहीत आहे?"

"व्हय की. म्हाईत असून फसत्यात." त्या हसल्या, मग माझ्या तोंडाकडं बघून हसायच्या थांबल्या. "काय गं, काय झालं?"

सगळ्या घराला ठाऊक होतं. दादांना ठाऊक, आबांना ठाऊक, पहिल्या पाळीच्या आठवड्यात पाहुणा आला तर त्यालाही ठाऊक असेल. मनातल्या मनात पंधरा मिनिटं वजा करायची सवय त्यांना इतकी झाली होती, की सांगायचं असतं हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मी? माझा फोन आणि ते घड्याळ कधी कधी जुळत नाही हे मी पाहिलं होतं. लपवत नाही. पण फोन जुना, काच फुटलेली, सारखा अडकणारा. आणि ज्या घड्याळावर घरातला माणूस कंपनीची बस धरतो आणि ती कधी चुकत नाही, ते घड्याळ चुकीचं कसं असेल? मी फोनलाच खोटं ठरवलं होतं.

कळलं म्हणून हलकं वाटायला हवं होतं. मला उलटंच झालं. आता मॅडमना काय सांगू? बाई, मला घड्याळ बघता येत नाही? खोटी नाही तर मूर्ख ठरेन, आणि वही तर जाणारच. कारण कुठल्या आठवड्यात घड्याळ पुढं होतं हे आता कोण सांगणार? त्या वेळी मनात असंही आलं, की गप्प बसावं, वही देऊन टाकावी, आणि यवतमाळला जाऊन चार दिवस राहून यावं.

आबा गोठ्यातून आले. वहिनींनीच त्यांना सांगितलं. आबांनी घड्याळाकडं बघितलं, वहीकडं बघितलं, आणि विचारलं, "सूनबाई, पाळी तू कुठं लिवती?"

"कुठं म्हंजी? क्यालेंडरवर."

स्वयंपाकघरात दाराच्या मागं ते टांगलेलं होतं. दर आठवड्याच्या सोमवारच्या चौकोनात वहिनींच्या हातचं एकेक अक्षर. प, दु, रा. पहिली, दुसरी, रात्रपाळी. डबा किती वाजता करायचा हे चुकू नये म्हणून. जानेवारीपासूनचं सगळं. आबांनी खिळ्यावरून ते काढलं आणि गुंडाळायला लागले.

"आवो, त्याच्यावर गिरणीवाल्याचा नंबर हाय," वहिनी म्हणाल्या. "आन् गॅसची तारीख."

"उतरून घे. क्यालेंडर शिरूरला चाललंय."

मी म्हटलं, "आबा, राहू द्या. मला भीती वाटते."

"खोटं बोलली का तू?"

"नाही."

"मंग भ्यायचं मी. घड्याळ माझं हाय."

मॅडम ज्या दिवशी शिरूरला येणार होत्या, त्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपी नवी, काखेत कॅलेंडरची सुरळी. कंडक्टर ओळखीचा होता. म्हणाला, "आबा, पोरगी बघायला चाललाय का? काय गुंडाळलंय?" आबा म्हणाले, "भूकंप हाय. हाफ तिकीट दे." मला त्या दिवशी हसू आलं नाही. आता येतं.

मॅडम एका साध्या लॉजमध्ये उतरल्या होत्या, खालीच नाश्त्याचं हॉटेल. मिसळीच्या ताटल्या बाजूला सारून आबांनी कॅलेंडर टेबलावर पसरलं, दोन कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवले. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. चिठ्ठी केली होती, ती काढली, आणि त्यातलं वाचून दाखवलं. घड्याळ, पहिली पाळी, पंधरा मिनिटं.

वाचून झाल्यावर आबा म्हणाले, "चूक घराची हाय. पोरगी परक्या मुलखातली, तिला कुनी सांगितलं न्हाई. आता तुम्ही ती 'प' बघा आन् तुमच्या डब्यात बघा. न्हाई जुळलं तर वही घिऊन जावा, आमी दोघं पायी निमोण्याला जातो."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. पहिला 'प'. वहीतला सुरुंग बघितला, पंधरा मिनिटं मागं घेतला, पडद्यावर बघितलं. पुढचा 'प'. मग 'दु'चा एक आठवडा, तो न हलवता. मग परत 'प'. वेटरनं दोनदा विचारलं, आणखी काय. आबांनी त्याला हातानंच गप केलं. मी मॅडमच्या बोटाकडं बघत होते. ते वहीवरून सरकत एका ओळीवर थांबलं.

ती ओळ मला पाठ आहे. "दुपारी ३.०५. खालून मुसळ मारल्यासारखा एक दणका. तांब्यातलं पाणी हललं. भोंगा नाही. सुरुंग नाही. शेजारच्या वस्तीवर विचारलं, त्यांना आमच्यापेक्षा जोरात बसला."

"दोन पन्नास," मॅडम हळूच म्हणाल्या. "हे माझ्याकडं आहे. दुपारची वेळ, म्हणून मी खाणीचा सुरुंग समजून बाजूला टाकलं होतं." त्यांनी वहीतला कोरा कागद घेऊन दोन गोल काढले, पडवीत काढले होते तसेच. एक निमोण्याचा, एक भांडगावचा. तिसरं यंत्र त्या दिवशी बंद होतं. गोल दोन जागी कापत होते. दोन्ही आबांच्या विहिरीपासून सारख्याच लांब, एक नदीच्या अंगाला. दुसरी शेजारच्या वस्तीच्या अंगाला. तिथं त्यांनी पेनानं टिंब दिलं.

"या दोनातली खरी कुठली हे यंत्र सांगू शकत नव्हतं, ताई. तुमच्या शेजारच्या वस्तीनं सांगितलं, आणि ते तुम्ही विचारून लिहिलंत."

आबांनी विचारलं, "मंग वही?"

मॅडमनी वही बंद केली, पेनाची सुतळी तिच्याभोवती गुंडाळली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "मी असं विचारायला नको होतं." मी म्हटलं, नाही मॅडम, विचारायलाच पाहिजे होतं. आबा म्हणाले, "आता मिसळ थंड झाली. दुसरी सांगा." कॅलेंडरचे फोटो काढून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा गुंडाळलं, आणि परतीच्या एसटीत मांडीवर आडवं धरून झोपी गेले. मी वही पदराखाली धरली होती. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता खराब आहे, दणके बसत होते. सवयीनं मी वेळ बघत होते.

घड्याळाचं पुढं काय झालं? वहिनी म्हणाल्या, घड्याळ पुढं करणं आम्हाला सुटणार नाही. म्हणून खिळ्याच्या बाजूला दुसरं एक छोटं घड्याळ लागलं, त्यावर आबांनी खडूनं लिहायला लावलं, "खरं". ती दोन्ही वर्षभर पडवीत शेजारी शेजारी चालत होती. पाहुणे विचारायचे, मग वहिनी अगदी पहिल्यापासून सगळं सांगायच्या, म्हशीसकट.

पुढं नवऱ्याची बदली दौंडकडच्या कंपनीत झाली आणि निमोणं सुटलं. तिथलं यंत्रही काही महिन्यांनी उचललं, त्याची मुदत संपली होती. मॅडमनी मला भांडगावच्या यंत्राचं काम दिलं, आठवड्यातून तीनदा दौंडवरून जाते. इथल्या वहीत सुरुंग कमी, रेल्वे जास्त. मालगाडी गेली की ती ओरखड्यासारखी उमटते असं मॅडमनी दाखवलंय. संध्याकाळी दौंड स्टेशनावर नागपूरकडं जाणाऱ्या गाडीची घोषणा ऐकू येते, आणि मला उगाच धामणगावचा फलाट दिसायला लागतो. तिथून एसटी, मग आमचं गाव. पण खरं सांगायचं तर आता डोळ्यापुढं आधी आबांची पडवीच येते. दोन घड्याळं, आणि त्यांच्याखालचा रिकामा खिळा.

फोनवर आबा हल्ली मोठ्यानं बोलतात, ऐकायला कमी येतं. गुडघेही धरलेत. मी काय करताय विचारलं की म्हणतात, "बसलोय. जमीन हलायची वाट बघतोय." मागं एकदा, विहिरीजवळ बसलेले असताना, ते म्हणाले होते, की मेंढरांमागं मी सगळा मावळतीचा मुलूख पायी बघितला, पण उगवतीला कधी गेलो नाही. तुमच्याकडची जमीन काळी, भेगा पडल्या तर हात आत जातो म्हणतात, खरं का? मी म्हटलं, खरं. "एकदा बघाया पायजे," ते म्हणाले, आणि शेळ्या वळवायला उठले.

आबा, हे वाचून दाखवायला मी वहिनींना सांगणार आहे, म्हणून इथंच लिहून ठेवते. मी तुम्हाला घेऊन जाणार. दौंडवरून गाडीत बसायचं, खिडकी तुमची. धामणगावला उतरलं की पुढचं सगळं माझ्याकडं. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी शिरूरच्या एसटीत जसे बसलात, तशीच मी तुमच्या शेजारी बसेन. कधी ते आत्ता सांगता येत नाही, अजून थोडं स्थिर व्हायचंय. पण नेणार. आणि निघायच्या दिवशी वहिनींना म्हणावं, घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करून ठेवा. गाडी चुकायला नको.